गोधडी, वाकळ की दुपटं?

परळवाली:
भाचीच्या बाळंतविड्यात द्यायला कापडाच्या तुकड्यांची छोटी गोधडी शिवायला घेतली आहे. झबली-टोपडी-कुंचीच्या यादीत हिचं नाव काय लिहायचं, यावरून घरात तट पडलेत. सासूबाई म्हणतात दुपटं, जाऊबाई गोधडीवर अडून, आणि नवरा 'पॅचवर्क लिही' म्हणून मोकळा. वरचा थर ५ इंची चौकोनांचा, ८ ओळी, ओळीत ८. प्रत्येक चौकोनाचा चारी बाजूंनी पाव इंच शिवणीत गेला की ३६ इंच भरतं. मध्ये आईचं जुनेर, खाली मलमल. जाणकारांनी निकाल द्यावा.

रंकाळ्याकाठचा:
आमच्याकडं वाकळ. पण तुमच्या वस्तूला तो शब्द पेलणार नाही. वाकळ म्हणजे लुगड्या-धोतरांचे थरावर थर, धुतल्यावर दोन माणसांनी पिळायची. बाळ दबून जाईल खाली! सीमेपलीकडं कन्नडमध्ये हिलाच कौदी म्हणतात.

गिरगावकर:
सासूबाई आणि जाऊबाई, दोघींचंही बरोबर आहे, कारण दोन शब्द दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. दुपटं म्हणजे दुहेरी कापड, बाळाला गुंडाळायचं. ते तुकड्यांचं असावं अशी अट नाही, अखंड कापडाचंही चालतं. गोधडीची ओळख शिवणीत आहे. सगळे थर धावदोऱ्यानं एकमेकांना धरलेले हवेत, मग वरचा थर तुकड्यांचा असो वा एकाच साडीचा. नुसते चौकोन जोडून खाली अस्तर लावलंत तर त्याला गोधडी म्हणायला माझी तरी जीभ रेटणार नाही. जुन्या बायका धावदोऱ्याच्या टाक्याला पसूज म्हणत. रजई आणि दुलई यांत कापूस भरतात, म्हणून त्या बाद. जाता जाता, पासोडी हेही पांघरुणाचंच नाव. संतकवी दासोपंतांनी अंबाजोगाईत जिच्यावर काव्य लिहिलं ती पासोडी आजही तिथं जपलेली आहे. पण तिचा तुकडेजोडीशी संबंध नाही.

कांदिवलीचा टेक्नोसॅव्ही:
पॅचवर्कला 'ठिगळकाम' का नको? छान मराठी आहे की.

गिरगावकर:
ठिगळ भोकावर लागतं हो. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावणार, असं आपण म्हणतो ते त्याच अर्थानं. इथं फाटलेलं काहीच नाही, कडेला कड लावून शिवलंय. तो जोड. 'जोडकाम' म्हणा हवं तर, पण बाळंतविड्यात ठिगळ नको. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांच्या कौदीला मात्र तुमचा शब्द शोभेल. त्या चौकोन आधी जोडत नाहीत. खाली अख्खी साडी पसरून कडेपासून तुकडे ठेवत, टाके घालत मध्याकडे सरकतात. चारी कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाची 'फुलं' लावल्याशिवाय त्यांची कौदी पुरी होत नाही.

रंकाळ्याकाठचा:
जोडावरून आठवलं. लुगडं मधेच विरलं की तेवढा भाग कापून दोन धड बाजू जोडायच्या, त्याला दांड घालणं म्हणत. आता साड्या विरेपर्यंत नेसतंय कोण, शब्दही चालला.

परळवाली:
आणि तुकड्यांना काय म्हणू? धारावीतल्या कारखान्यातून पिशवीभर आणले, तो माणूस 'चिंदी' म्हणाला.

लालबागचा जुना:
त्याचं चुकलं नाही, धंद्यातला शब्दच तो. कापडाच्या सरकारी नियमांतसुद्धा फेंट, रॅग्ज आणि चिंदी असे तुकड्याच्या मापावरून वेगळे प्रकार केलेले असत. मराठीत चिंधी म्हणजे जुनेराची, फाडलेली. शिंप्याच्या कात्रीखालून पडतं ते कातरण. ठाणातून उरलेला अंगभर तुकडा कटपीस, तो मंगळदास मार्केटात विकतही मिळतो. तुमचं ते कातरण. मुंबईत 'चिंधी' म्हटलं की पुढं 'चोर' आपोआप येतो, तेव्हा भेटवस्तूवर नकोच. गाडगेबाबांची गोष्ट निराळी. लोक त्यांना गोधडे महाराज म्हणायचे ते आदरानं.
एक सांगतो, शब्दाचं राहू द्या. कारखान्यातल्या कोऱ्या कापडाला खळ असते. पाण्यातून काढल्याशिवाय कापू नका. नाहीतर पहिल्या धुण्यात नवे चौकोन आटतील, जुनेर आहे तेवढंच राहील आणि सगळीकडं चुण्या. लाल कापड वेगळं भिजवा, रंग सोडतं.

परळवाली:
यादीत 'गोधडीच्या शिवणीचं दुपटं' असं लिहून टाकलं. जाऊबाई अजून कुरकुरतायत. कडेला पट्टी लावायची आहे, तिला काय म्हणायचं?

लालबागचा जुना:
गोट. शिंपी पायपिंग म्हणेल, बिचकू नका. कड सरळ असेल तर उभ्या धाग्याची पट्टी चालते. कोपरे गोल केलेत तर पट्टी उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी, कापा.