तांत्रिक शब्दांत हे ‘डच’ कुठून आले?

पॅटर्नवाला कुपवाड
मी कुपवाड एमआयडीसीत फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे साच्यात दाबायचे नमुने, करतो. मुलगी कॉम्प्युटर सायन्सला आहे, ती ‘डच नॅशनल फ्लॅग प्रॉब्लेम’ सांगत होती. भाचा एरोनॉटिकलला, त्याच्या तोंडी ‘डच रोल’. यार्डातले व्यापारी ‘डच ऑक्शन’ म्हणतात. इतक्या वेगवेगळ्या कामांत डचच का? जाणकारांनी सांगावं.

हळद सौदे सांगली
दादा, ऑक्शनचं नाव सरळ आहे. आपल्याकडं हळदीच्या सौद्यात भाव खालून वर चढतो. हॉलंडात आल्समेरच्या फुलबाजारात घड्याळ मोठ्या भावापासून खाली उतरत येतं आणि जो आधी बटण दाबेल, त्याचा माल. फुलं नाशवंत, बोली चढवत बसायला तिथं सवड नाही.

विमानवेडा मिरज
डच रोलमध्ये विमानाचं नाक डावी-उजवीकडं फिरतं आणि त्याच वेळी पंखही आलटून पालटून कलतात. बर्फावर स्केटिंग करताना डावीकडं-उजवीकडं झुकत जाण्याला आधीपासून हेच नाव होतं. अमेरिकन अभियंता जेरोम हन्सेकर यांनी १९१६ च्या सुमारास ते विमानशास्त्रात आणलं. फ्लॅगचं सोपं आहे: संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा हॉलंडातल्या रॉटरडॅमचे. तांबडे, पांढरे, निळे खडे झेंड्याच्या क्रमानं लावायचे, हे त्यांचं कोडं.

पॅटर्नवाला कुपवाड
दोघांचेही आभार. आता माझ्या धंद्यातला एक शब्द मी सांगतो: ‘डच ओव्हन’, म्हणजे जाड बिडाचं (ओतीव लोखंडाचं) झाकणाचं भांडं. इंग्लंडच्या अब्राहम डार्बीनं ब्रिस्टलच्या पितळ कारखान्यात डच कारागीर आणले होते. वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतण्याचं पेटंट त्याला १७०७ साली मिळालं. चिकणमातीचा साचा प्रत्येक नगाला नवा बांधावा लागे. वाळूत एकच पॅटर्न पुन्हा पुन्हा दाबता येतो, म्हणून भांडी स्वस्त झाली. पण बीड वाळूत ओतणं त्या डच कारागिरांना जमेना. ते साधलं जॉन थॉमस नावाच्या वेल्श पोरानं, डार्बीच्या हाताखाली काम करणाऱ्या, असं सांगतात. पेटंट मालकाच्या नावावर, भांडं डचांच्या नावावर. साचा भरणाऱ्या माणसाचं नाव कुठंच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मी मुलीला आधी त्याचंच नाव सांगितलं.

हळद सौदे सांगली
दादा, जॉन थॉमसवर वेगळा धागा काढा. आमच्याकडं दोन पोरं मोल्डिंगला जातात, त्यांना वाचायला देतो.