‘आईला आता काय कळतंय’ म्हणणाऱ्यांना

ऐरोलीकर: नौपाडेकरांनी परवा लिहिलं, “पॅरालिसिसनंतर आईला बोलता येत नाही, काहीही विचारलं तरी मान हलवते. म्हणून विचारणं सोडलं. दिवसभर भजनाचा चॅनेल लावून देतो. अशा माणसांना आवड विचारणं हे आपल्याच समाधानासाठी असतं.” दोन दिवस डोकं फिरलंय माझं.

माझ्या बाबांची वाचा आणि उजवी बाजू गेली होती. चहा हवा? मान हो. नको? तरी हो. वाचा गेलेल्या बऱ्याच जणांचा ‘हो-नाही’चाच गोंधळ होतो, म्हणून आवड गेली असं नसतं. स्पीच थेरपिस्टने शिकवलं की तोंडी विचारू नका, दोन वस्तू समोर धरा. मनात दहा अंक मोजा. मग बाजू बदलून पुन्हा धरा, कारण कधीकधी एका बाजूचं दिसतच नाही. मी पत्ते आणि रेडिओ धरला. नजर पत्त्यांवर. बाजू बदलली, तरी पत्त्यांवरच. डाव्या हाताने त्यांनी किलवरची राणी ओढली आणि चादरीवर पालथी ठेवली. तीन वर्षं मी त्यांना नाट्यगीतं ऐकवत होते.

नौपाडेकर: तुम्हाला वेळ आहे. मी सकाळी लोकल पकडतो, परत यायला नऊ. नर्सिंग ब्युरोने पाठवलेली बाई बारा तास मोबाइल बघते, महिन्याला बाई बदलते. दहा अंक मोजणार कोण?

वर्तकनगर: बायकांना नावं ठेवू नका. मी केलीय ही ड्यूटी. डायपर, मालिश, भरवणं सगळं सांगतात. आजींना काय आवडायचं, हे एकाही घरात कुणी सांगितलं नाही.

ढोकाळीकर: घरातलं सोडा, बाहेर न्यायची सोय आहे का? वडिलांना घेऊन ठाण्याच्या मासुंदा तलावाकडे निघालो होतो. वाटेत फुटपाथच्या तोंडाशी लोखंडी खांब, व्हीलचेअर शिरेना. तिथूनच परत फिरलो.

कोपरीकर: खांब हवेतच. फुटपाथवर चढलेल्या बाइकने माझ्या आईला पाडलं, खुबा मोडला.

ढोकाळीकर: म्हणजे माझ्या वडिलांनी रस्त्यावरून गाड्यांतून जायचं? खुर्चीपुरतं अंतर ठेवता येत नाही?

कोपरीकर: खुर्ची जाते तिथून स्कूटरही जाते. स्वतःच्या आईला रक्तबंबाळ बघा, मग बोला.

ढोकाळीकर: बघितलंय सगळं. मला शिकवू नका.

ऐरोलीकर: खांबांवर वेगळा धागा काढा! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २९ वं कलम संस्कृती आणि मनोरंजनाचं आहे. बाहेरची सोय सरकारने करायची, कबूल. पण रिमोट आपल्याच हातात असतो. आणि नौपाडेकर, रविवारी तरी घरी असता ना?

नौपाडेकर: काल धरलं. एका हातात रिमोट, एका हातात तिच्या लोकरीच्या सुया. दोन्हीकडे बघितलं नाही. म्हणजे तुमची युक्ती चाललीच असं नाही. खिडकीकडे बघत होती. बाजू बदलली, तरी खिडकीच. टीव्ही बंद करून खुर्ची गॅलरीत नेली. जेवायची वेळ झाली तरी आत येईना.

वर्तकनगर: हे बाईला कागदावर लिहून द्या.