पॅनक्रियाटायटिसमधून उठलेल्या कुत्रीला काय आणि किती खाऊ घालावे?

प्रश्न (अमळनेर)

आमच्याकडे नऊ वर्षांची स्पिट्झ कुत्री आहे, चिमी; तिचे वजन ९ किलो आहे. आखाजीला घर पाहुण्यांनी भरले होते आणि जो तो आपल्या ताटातला, तुपात बुडवलेला मांड्याचा तुकडा तिच्यापुढे टाकत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून तिला उलट्या सुरू झाल्या. पुढचे पाय आणि छाती जमिनीला टेकवून, मागचा भाग वर ठेवून ती तशीच थांबायची आणि पोटाला हात लावू देत नव्हती. जळगावला नेल्यावर रक्ततपासणी व सोनोग्राफी होऊन स्वादुपिंडाला सूज, म्हणजे पॅनक्रियाटायटिस, असे निदान झाले. चार दिवस सलाईन आणि उलटीची इंजेक्शने चालली. उलटी थांबून दोन दिवस झाले असून काल तिला घरी आणले आहे.

"हलके अन्न थोडे थोडे द्या," असे डॉक्टरांनी सांगितले. पण हलके म्हणजे नेमके काय, यावरून घरात दोन मते पडली आहेत. सासूबाईंना दूध-भाकरी हलकी वाटते, तर शेजारचे काका म्हणतात की अजून आठवडाभर उपाशी ठेवा. आजवर ती कळण्याची भाकरी आणि दूध यांवरच वाढली आहे. तिला काय द्यावे, किती द्यावे आणि दिवसातून किती वेळा द्यावे, हे कोणी नीट समजावून सांगेल का?

उत्तर १ (भुसावळ)

ताई, दोन वर्षांपूर्वी आमच्या लॅब्रॅडॉरला हाच आजार झाला होता, त्यामुळे तुमची घालमेल मी समजू शकतो. आमची चूक अशी झाली की आम्हीही 'हलके' या शब्दावर विसंबून राहिलो आणि त्याला म्हशीचे दूध व भात देत राहिलो. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा ओकला. म्हशीच्या दुधात १०० मिलिलिटरमागे ६ ते ७ ग्रॅम फॅट असते. डेअरीत दूध घालताना ज्या फॅटवर आपण भाव घेतो, तेच फॅट या आजारात टाळायचे असते. दूध कितीही पातळ दिसले तरी ते या कुत्र्यांसाठी हलके नाही, आणि त्याच दुधाचे सायीचे दहीही नाही.

आम्ही शेवटी जे केले, ते सांगतो. कोंबडीचे फक्त छातीचे मांस आणायचे, कातडी आणि कडेची पिवळी चरबी बोटांनी ओढून काढायची आणि मीठ, तेल, हळद, मसाला काहीही न घालता भरपूर पाण्यात शिजवायचे. ते पाणी गाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले की वर चरबीचा पांढुरका थर धरतो. तो चमच्याने पूर्ण उचलून टाकायचा आणि खाली उरलेल्या पाण्यात तांदूळ अगदी आसट होईपर्यंत शिजवायचा. मांस बारीक कुस्करून त्यात मिसळायचे. बदल म्हणून उकडलेला दुधी किंवा लाल भोपळा थोडासा चालतो. अंड्याचा उकडलेला पांढरा भाग चालतो, पिवळा बलक मात्र नाही. कांदा आणि लसूण कुत्र्यांना विषारी असल्यामुळे आपल्या भाजीचा रस्सा भातावर ओतू नये, मग तो कितीही बिनतेलाचा असो.

कळण्याच्या भाकरीत फॅट फार नसते. पण उडदाची साले आणि कोंडा यांमुळे ती पचायला जड जाते, म्हणून सध्या ती बाजूला ठेवावी.

उत्तर २ (धुळे, पशुवैद्यक)

वरील कृती योग्य आहे. उपाशी ठेवण्याच्या सल्ल्याबद्दल आधी सांगतो, कारण तो अजूनही सर्रास दिला जातो. स्वादुपिंडाला विश्रांती मिळावी म्हणून पूर्वी कुत्र्याला अनेक दिवस उपाशी ठेवत. परंतु अन्न न मिळाल्यास आतड्याचे अस्तर कमकुवत होते, म्हणून आता उलटी आटोक्यात येताच लवकरात लवकर खाऊ घालण्याकडे कल आहे. चिमीला उपाशी ठेवू नका.

९ किलोच्या कुत्रीला विश्रांतीच्या अवस्थेत दिवसाला साधारण ३६५ किलोकॅलरी लागतात. पहिल्या दिवशी त्याच्या एक-तृतीयांश अन्न द्या आणि तीन-चार दिवसांत पूर्ण मात्रेवर या. दिवसभराचे अन्न पाच-सहा वेळांत विभागा. शिजवलेला भात २०० ग्रॅम आणि उकडलेले छातीचे मांस ६० ग्रॅम यांतून जवळपास तेवढीच ऊर्जा मिळते आणि दिवसभराचे फॅट ३ ग्रॅमांच्या आत राहते. याच्या तुलनेत तुपाच्या एका लहान चमच्यात सुमारे ५ ग्रॅम फॅट असते. स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा, अंदाजाने वाढू नका.

भात आणि कोंबडी हा आहार कायमचा नव्हे. त्यात कॅल्शियम व काही जीवनसत्त्वे पुरेशी नसल्यामुळे दोन-तीन आठवड्यांनंतर तुमच्या डॉक्टरांशी बोलून कमी फॅटच्या प्रिस्क्रिप्शन आहाराकडे वळा आणि तो बदलही आठवडाभरात हळूहळू करा. या आजारातून उठलेल्या अनेक कुत्र्यांना पुढे कायमच कमी फॅटवर ठेवावे लागते. पुन्हा उलटी झाली, तिने दोन वेळचे अन्न नाकारले किंवा पोट धरून वाकलेली दिसली, तर वाट न पाहता दाखवा. पुढील काही महिन्यांत तहान व लघवी वाढली तर साखर तपासावी. भरपूर खाऊनही वजन उतरू लागले आणि विष्ठा फिकट, तेलकट होऊ लागली तर पाचकरसांची तपासणी करून घ्यावी. वेदना दिसल्यास घरातली माणसांची वेदनाशामक गोळी कधीही देऊ नका.

उत्तर ३ (रावेर)

एक गोष्ट राहिली. सध्या आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर आहे आणि या आजारातून उठलेल्या कुत्रीच्या अंगातले पाणी कमी होऊ देणे धोक्याचे आहे. पाण्याचे भांडे सावलीत दोन-तीन ठिकाणी ठेवा. गोळ्या तुपात किंवा पेढ्यात लपवून देण्याची सवय असेल तर ती सोडा. आसट भाताच्या घट्ट गोळीत त्या व्यवस्थित बसतात.

प्रश्नकर्ती (अमळनेर)

सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. आज सकाळी सासूबाईंना वजनकाट्यावर एक चमचा तूप ठेवून दाखवले आणि दिवसभराच्या फॅटचा हिशेब सांगितला. त्यांनी स्वतःच चिमीची दुधाची वाटी धुऊन फडताळात ठेवली. सकाळपासून तीन वेळा भात दिला, दर वेळी २० ते २५ ग्रॅम, वर चिमूटभर कुस्करलेले मांस. तिन्ही वेळा तिने थाळी चाटून स्वच्छ केली आणि अजून उलटी झालेली नाही. उद्या मात्रा थोडी वाढवते आणि परवा डॉक्टरांकडे नेताना वजनाची नोंद सोबत घेते.