मेंदूत चार गाठी, एसआरएस ठरतंय: देवगडहून पेशंट पाठवताना काय बघावं?

देवगड_जीपी
55 वर्षांच्या बाई, स्तनाचा कॅन्सर, हर-टू पॉझिटिव्ह (पेशींवर हर-टू प्रथिन जास्त असलेला प्रकार). डोकेदुखी आणि उजव्या हाताची ताकद कमी झाली म्हणून एमआरआय केला. चार गाठी निघाल्या: डावीकडे 2.6 सेंमीची, भोवती बरीच सूज, बाकीच्या 1.1, 0.8 आणि 0.5 सेंमी. फिट आलेली नाही. मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू. घरात हिंडतात-फिरतात, स्वतःचं स्वतः करतात.

एका ठिकाणी अख्ख्या डोक्याला दहा दिवस शेक (किरणोपचार) सांगितलाय, मुंबईत एसआरएस (नेमक्या गाठींवरच मोठ्या डोसचे किरण). मुलगा विचारतोय, चार गाठी म्हणजे पसरलंच की, मग नेमक्या गाठींवर किरण मारून काय साधणार? एमआरआयला तीन आठवडे होऊन गेलेत. डेक्सामेथासोन (डेक्सा, सूज उतरवणारं स्टेरॉइड) मी सुरू केलंय. जाण्याआधी इथे काय उरकावं, आणि परत आल्यावर मी कशावर लक्ष ठेवू?

रेडऑन्को_मुंबई
डॉक्टर, गाठींच्या संख्येत अडकू नका. एकूण घनफळ, सगळ्यात मोठी गाठ केवढी, कुठे आहे आणि बाकीच्या शरीरातला आजार औषधाला दाद देतो का, यावर ठरतं. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी अभ्यासात 1194 पेशंट होते. नुसत्या गॅमा नाइफनंतर (एसआरएस देणारं एक यंत्र) 5 ते 10 गाठीवाले 2 ते 4 गाठीवाल्यांइतकेच जगले. त्यांची अट होती, सगळ्या गाठी मिळून 15 सीसीच्या आत. तुमच्या पेशंटच्या चारही मिळून 10 सीसीच्या आसपास भरतात, त्यातले 9 एकट्या मोठीचे.

खरी अडचण ती मोठीच आहे. व्यास 2 सेंमीचा 3 झाला की घनफळ 4 सीसीवरून 14 वर जातं. एकाच बैठकीचे जुने डोस ठरलेले आहेत: 2 सेंमीपर्यंत 24 ग्रे (किरणांच्या डोसचं माप), 2 ते 3 ला 18, 3 ते 4 ला 15. म्हणजे गाठ वाढेल तसा डोस उतरवावा लागतो आणि गाठ आटोक्यात राहायची शक्यताही उतरते. शिवाय एका बैठकीत मेंदूच्या 10 सीसीहून जास्त भागाला 12 ग्रे पोचले की रेडिओनेक्रोसिसचा (किरणांनी मेंदूचा भाग मरण्याचा) धोका चढतो. 2.6 सेंमीला हे गणित जमवणं कठीण. म्हणून मोठीला 3 बैठकांत 27 किंवा 5 बैठकांत 30 ग्रे, आणि लहान तिघींना एकाच दिवशी, असा बेत बहुधा ठरेल. हात फारच लुळा पडत असेल तर आधी ऑपरेशन करून मग त्या पोकळीला किरण, हाही पर्याय न्यूरोसर्जनसमोर ठेवायला हवा.

मुलाला सांगा, अख्ख्या डोक्याचा शेक (10 दिवसांत 30 ग्रे) चुकीचा नाही, पण त्याची किंमत स्मरणशक्तीत मोजावी लागते. 2016 च्या अमेरिकी चाचणीत 1 ते 3 गाठींचे पेशंट होते. नुसतं एसआरएस घेतलेल्यांपैकी 63.5 टक्क्यांची तीन महिन्यांत बौद्धिक चाचणीत घसरण झाली, वर शेकही दिलेल्यांत 91.7 टक्क्यांची. आयुष्य दोन्हीकडे सारखंच. उलट बाजूही सांगायलाच हवी: नुसत्या एसआरएसनंतर वर्षभरात निम्म्याच्या आसपास पेशंटना मेंदूत दुसरीकडे नवी गाठ येते. दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआयला येणं जमणारच नसेल तर हा मार्ग त्यांच्यासाठी नाही. ढीगभर गाठी असतील किंवा मेंदूच्या आवरणात पसरलं असेल तर प्रश्नच वेगळा. तिथे आजही अख्ख्या मेंदूचा विचार होतो. आवरणात पसरलेलं नसेल तर शक्यतो हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मरणशक्तीचा भाग) वाचवून, जोडीला स्मरणशक्ती जपायला मेमँटिनची गोळी.

हर-टूची कोणती औषधं चालू आहेत ते चिठ्ठीत ठळक लिहा. टी-डीएम-1 (हर-टूवरचं एक इंजेक्शन) चालू असताना एसआरएस दिल्यावर रेडिओनेक्रोसिस वाढल्याचे अहवाल आहेत.

लिनॅक_फिजिसिस्ट
तीन आठवड्यांच्या एमआरआयवर प्लॅन होत नाही. आम्हाला उपचाराच्या आधीच्या आठवड्या-दोन आठवड्यांतला, काँट्रास्टसह (शिरेतून औषध देऊन, म्हणजे गाठी उठून दिसतात), 1 मिमी जाडीच्या सलग कापांचा लागतो. निदानाच्या एमआरआयमध्ये बरेचदा 5 मिमीचे काप असतात, मध्ये फट सोडलेली; अर्ध्या सेंमीची गाठ त्यात जेमतेम एका कापावर दिसते. एवढी काटेकोर मागणी का, तर 26 मिमीच्या गोल गाठीवर नेम 1 मिमीने चुकला तर तिचा साधारण 6 टक्के भाग निशाण्याबाहेर जातो. तोच 1 मिमी 5 मिमीच्या गाठीवर चुकला की 30 टक्के. तेव्हा दुसरा एमआरआय इथे घाईने करू नका, उपचार जिथे तिथेच होऊ दे. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) मात्र ताजं पाठवा, काँट्रास्ट त्यावर अडतं. आणि जुन्या एमआरआयची सीडी द्या. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो काही कामाचा नाही.

उपचाराच्या वेळी डोकं हलू नये म्हणून मास्क लावतात, त्याबद्दल थोडं. प्लास्टिकची जाळीदार शीट 70 अंशांच्या आसपास गरम पाण्यात टाकली की मऊ पडते, ती चेहऱ्यावर ताणून बसवतात आणि काही मिनिटांत ती घट्ट होते. डोक्यामागे अंबाडा किंवा जाड वेणी असेल तर डोकं उशीवर टेकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी अंबाडा वेगळा बांधला की डोक्याचा कलच बदलतो. केस मोकळे, धुतलेले, बिनतेलाचे हवेत. मास्कऐवजी डोक्याला फ्रेम लावणार असतील (चार पिना, जागा बधिर करून) तरीही तेल नकोच. नाकातली चमकी कित्येक वर्षं काढलेली नसते आणि एमआरआयच्या दारात मळसूत्र फिरत नाही. ती सोनाराकडून आधीच सैल करून घ्या. मंगळसूत्र, जोडवी, केसांतल्या पिना घरीच ठेवा.

पाच बैठकांचा बेत असेल आणि डेक्सा जोरात चालू असेल तर चेहरा सुजून मास्क आवळायला लागतो. पेशंट बिचारे सोसतात, बोलत नाहीत. बोलायला सांगा, मास्क नवा करता येतो.

कणकवली_फार्मा
डेक्साचा घोळ इथेच होतो, म्हणून लिहितो. गावातल्या दुकानात बहुधा 0.5 मिग्रॅची गोळी असते. चिठ्ठीवर नुसतं ‘डेक्सा 1-1-0’ (सकाळी एक, दुपारी एक, रात्री नाही) असेल तर पेशंटला दिवसाला 8 ऐवजी (4 मिग्रॅच्या दोन गोळ्या) 1 मिग्रॅ पडतं आणि सूज होती तिथेच राहते. मिग्रॅ लिहाच. दिवसाचा दुसरा डोस दुपारी दोनच्या आत, नाहीतर रात्रभर डोळा लागत नाही.

साखर फक्त उपाशीपोटी बघाल तर फसाल. सकाळी डेक्सा घेतल्यावर ती दुपारी जेवणानंतर आणि संध्याकाळी चढते. सकाळचा आकडा नॉर्मल दिसू शकतो. डोकं दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन देऊ नका, डेक्साबरोबर जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल द्या. फिट आलीच तर फेनिटॉइन टाळा: ते डेक्साची आणि टुकाटिनिबसारख्या हर-टूवरच्या गोळ्यांची रक्तातली पातळी पाडतं. फिटसाठी लेव्हेटिरासिटाम बरं. फिट आलेलीच नसेल तर आगाऊ गोळीची गरज नसते.

रेडऑन्को_मुंबई
फार्मांनी लिहिलंय त्यात एक भर. भातशेतीत अनवाणी काम केलेल्यांच्या पोटात स्ट्राँगिलॉइडिस (एक जंत) असू शकतो, आणि स्टेरॉइडवर तो अंगभर पसरून जिवावर बेततो. रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले असतील तर आयव्हरमेक्टिन या जंतांच्या औषधाचा विचार करा.

परत आल्यावर पहिले दोन दिवस डोकेदुखी, मळमळ चालते. डेक्सा एकदम तोडू नका. 4+4 वर (सकाळी 4 मिग्रॅ, दुपारी 4) असतील तर 4+2, 2+2, मग 2, मग 1 असं, दर पायरीला तीन ते पाच दिवस. लक्षणं उलटली की मागच्या पायरीवर. चार आठवड्यांच्या वर रोज 3 मिग्रॅ किंवा जास्त चालणार असेल तर फुप्फुसाचा संसर्ग टाळायला कोट्रायमॉक्साझोलचं (अँटिबायोटिक) विचारून घ्या. जिना चढताना मांड्या भरून येतात, खुर्चीतून उठवत नाही, अशी तक्रार आली तर ती बहुधा स्टेरॉइडची, गाठीची नव्हे.

सहा महिन्यांनंतर एमआरआयमध्ये गाठ फुगलेली दिसली तर लगेच ‘परत आला’ म्हणू नका. नेक्रोसिसही तसाच दिसतो. परफ्यूजन एमआरआयने (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या) बराच फरक कळतो. नेक्रोसिस निघाला तर त्यावर आधी स्टेरॉइड, नाही भागलं तर बेव्हासिझुमॅबचं इंजेक्शन.

देवगड_जीपी
फार उपयोगी, आभार. प्रवासाचं काय? ट्रेन की गाडी?

कणकवली_फार्मा
ट्रेनच. घाटरस्त्याच्या वळणांत ओकारी झाली की डेक्साचा डोस वाया, आणि फिट आली तर गाडीत आडवं करायला जागा नाही. कणकवलीहून दादरपर्यंत लोअर बर्थ घ्या. खारघरच्या कॅन्सर हॉस्पिटलला जायचं असेल तर पनवेलला उतरा. कॅन्सर पेशंटला उपचारासाठी स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकाला 75 टक्के. रेल्वेच्या नमुन्यातलं हॉस्पिटलचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा पहिल्या खेपेलाच तिथून भरून घ्यायला सांगा. पावसाळ्यात वेळापत्रक बदलतं आणि गाड्या रखडतात. सकाळची अपॉइंटमेंट असेल तर आदल्या दिवशीच पोचलेलं बरं. डेक्सा हातातल्या पिशवीत, बर्थखालच्या बॅगेत नको. महात्मा फुले योजनेतून करायचं असेल तर रेशन कार्ड आणि आधार बरोबर असू दे. मंजुरी उपचाराआधी लागते, म्हणून पोचल्या पोचल्या तिथल्या आरोग्यमित्राला भेटायचं.