चुरेकी, वासिलोपिता आणि आपला च

ग्रीक ईस्टरवर लेख लिहिते आहे. वेणी घातलेल्या, लाल अंडं खोचलेल्या गोड पावाचं नाव 'त्सुरेकी' असंच लिहावं का? आणि त्याला पाव म्हणावं की केक?

> 'त्सु' कशाला? आपल्याकडे चुलीतला च आहे की! 'चुरेकी' लिहा आणि च कुठला ते एकदा सांगून टाका. हिंदीवाल्यांना ही सोय नाही. शब्द मूळचा तुर्की, 'च्योरेक', तिथला च चहातला. ग्रीकमध्ये तो उच्चारच नसल्यामुळे तिकडे जाऊन चुलीतला झाला. अस्सल ग्रीक नाव 'लाम्ब्रोप्सोमो': लाम्ब्री म्हणजे ईस्टर, प्सोमी म्हणजे पाव. तेव्हा पावच म्हणा, यीस्टने फुगवलेला असतो.
>
> वासाला त्यात माहलेपी (एका रानटी चेरीच्या बियांतला गर, दळून) आणि मास्तिखा घालतात. मास्तिखा हा खिओस बेटावरच्या झाडांचा डिंक. काष्ठौषधींच्या दुकानात 'रूमी मस्तकी' मागा, हाच मिळेल. रूमी म्हणजे रूमचा, तुर्कस्तानाकडचा; जुन्या मराठी कागदांत 'रूमशाम' येतं त्यातलं रूम.

> अंड्यांचाही शब्द घ्या लेखात. पवित्र गुरुवारी अंडी लाल रंगवतात, आणि शनिवारी मध्यरात्रीची प्रार्थना झाली की एकमेकांच्या अंड्यावर टोक आपटतात. 'ख्रिस्तोस आनेस्ती' (ख्रिस्त उठला) म्हणायचं, समोरच्याने 'आलिथोस आनेस्ती' (खरोखर उठला). ज्याचं शेवटपर्यंत फुटत नाही तो नशीबवान. या आपटाआपटीला 'चुग्रिझ्मा' म्हणतात (च पुन्हा चुलीतलाच). दारूचे पेले भिडवायलाही तेच क्रियापद.

'वासिलोपिता'चं काय करू? वाचणाऱ्याला वासिलचे वडील वाटतील.

> वाटू देत, तळटीप द्या. 'पिता' म्हणजे भाजलेला थर किंवा पोळा, स्पानाकोपितातला (तो पालक भरलेला). वासिलोपिता १ जानेवारीला, संत वासिलिओसच्या नावाने. आत नाणं (फ्लुरी, फ्लोरिन या जुन्या सोन्याच्या नाण्यावरून) लपवलेलं असतं. घरातला मोठा माणूस कापतो: पहिला तुकडा ख्रिस्ताचा, मग मरियमेचा, मग घराचा, नंतर वयाने थोरापासून धाकट्यापर्यंत. याला केक म्हणायचा मोह टाळा. बऱ्याच घरांत तो केकसारखा असतो हे खरं, पण कुठे चुरेकीसारखा फुगलेला, तर उत्तर ग्रीसमध्ये चीज किंवा मांस भरलेला तिखटामिठाचाही करतात. नाणं मात्र सगळ्यांत असतं.