ईस्टर बेटाची स्वतःची भाषा उरलीये का? आणि ते सिंधू लिपीचं काय?

फिरस्ता७:
काल यूट्यूबवर ईस्टर आयलंडचा व्हिडिओ बघितला, मोआई पुतळे वगैरे, पण लोक सगळे स्पॅनिश बोलत होते. त्यांची मूळ भाषा गेली का? आणि फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आलाय की तिथली लिपी म्हणजे आपली सिंधू लिपीच, काही दम आहे का त्यात?

कोकणकडा:
गेली नाहीये, पण हालत बरी नाही. बेटाला तिथले लोक रापा नुई म्हणतात, भाषेचं नावही तेच. १८६२ मधे पेरूवाल्यांनी जहाजं आणून हजाराच्या वर माणसं गुलाम म्हणून पकडून नेली, मोजकी परत आली ती देवीची साथ घेऊन, १८७७ ला बेटावर उरले १११ रापानुई. आजची भाषा त्या १११ जणांच्या तोंडून आलीये. तरी माझ्या मते मोठा फटका नंतरचा. १८८८ ला चिलीने बेट घेतलं, १९६० च्या दशकात धावपट्टी झाली, मग चिलीतून माणसं आली, शाळा स्पॅनिश, टीव्ही स्पॅनिश आणि घरात आईबापच पोरांशी स्पॅनिश बोलायला लागले. आपल्या सोसायटीत हेच चाललंय ना, फक्त भाषा वेगळी.

लिपीवेडी:
तो फॉरवर्ड व्हॉट्सअ‍ॅपच्या आज्याच्या वेळचा आहे 😄 १९३२ मधे हेवेशी नावाच्या हंगेरियन माणसाने पॅरिसमधे दोन्हीकडची चिन्हं शेजारी मांडून दाखवली होती. पण सिंधू लिपी बंद पडली इसपू १९०० च्या आसपास, तेव्हा त्या बेटावर माणूसच नव्हता! शिवाय दोन्ही लिप्या अजून कोणाला वाचता येत नाहीत, मग काय कशाशी जुळवणार? त्या बेटाच्या लिपीला रोंगोरोंगो म्हणतात, ती कोरलेल्या जेमतेम दोन डझन वस्तू उरल्यात, बेटावर एकही नाही. गंमत म्हणजे एक ओळ झाली की लाकडी फळी उलटी फिरवून पुढची वाचायची.

तिरकस:
आणि तिथे नमस्काराला 'इओराना', थँक्यूला 'माउरुरु' म्हणतात ते दोन्ही शब्द ताहिती बेटाच्या भाषेतले बरं का. आकडेसुद्धा डबल, दोन, चार, पाचला स्वतःचे 'रुआ', 'हा', 'रिमा' आणि ताहितीचे 'पिती', 'माहा', 'पाए'. कोणी 'मग शुद्ध कुठे राहिली' म्हणायच्या आधी चावी आणि बटाटा पोर्तुगीजांना परत करा.

कोकणकडा:
@तिरकस 😂 अरे आणि काइकाइ राहिलंच. बोटांत दोरा अडकवून आकृत्या करतात आणि सोबत जुनं गाणं म्हणतात, दरवर्षी फेब्रुवारीत तापाती उत्सवात त्याची स्पर्धा असते. शाळेत रापा नुईतून शिकवणारे वर्गही आहेत, पण पोरं मैदानात गेली की परत स्पॅनिश.

फिरस्ता७:
भारी. काइकाइचे व्हिडिओ बघत बसलोय, आणि आत्ता कळलं की 'रिमा' म्हणजे पाच आणि हातालाही रिमाच म्हणतात. फॅमिली ग्रुपवर आता हे टाकतो, काका चिडणार.