टाचदुखी आणि दिवसभराचं उभं राहणं: नेमकं काय करायचं?

सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ येते. दहा-बारा पावलांत ती जरा निवते. दुपारी थोडं बसून उठलं की परत तेच. बहुतेक वेळा याचं कारण प्लांटर फॅसिआयटिस, म्हणजे तळपायातल्या जाड पट्ट्याचं दुखणं असतं. ज्यांना यातलं नीट माहीत आहे त्यांनी लिहा, वर नागपुरातल्या आपल्या भागाचं नाव टाका. 'आराम करा' एवढंच नको, घरात लहान पोर असताना तो मिळत नाही. किती वेळ, किती वेळा आणि चुकतं कुठे, ते हवं.

धरमपेठ

आधी कारण समजून घ्या. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायात एक जाड पट्टा असतो. झोपेत पाऊल खाली झुकलेलं राहतं, पट्टा आखडतो आणि सकाळचं पहिलं पाऊल त्याला एकदम ताणतं. म्हणून पहिला व्यायाम पाय जमिनीला लागायच्या आधी, पलंगावरच. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, पाचही बोटं हाताने धरून नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा चाचपा, पट्टा ताठ झालेला हाताला लागला पाहिजे. 10 सेकंद धरा, सोडा, असं 10 वेळा. दिवसातून तीनदा. एका वेळेला दोन-सव्वादोन मिनिटं लागतात.

चूक होते ती वेळेची. चार पावलं लंगडत चालून झाल्यावर ताणलं तर सकाळचा झटका बसून गेलेला असतो. दुपारीसुद्धा उठण्याच्या आधी करायचं, उठल्यावर नाही.

प्रतापनगर

वरचं अगदी बरोबर, पण सोबत पोटरी मोकळी केली नाही तर अर्धंच काम होतं. ओट्याला दोन्ही हात टेकवा, दुखरा पाय मागे, टोंगळा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली. 30 सेकंद, तीन वेळा. मग टोंगळा थोडा वाकवून पुन्हा तेवढंच, कारण पोटरीत दोन स्नायू आहेत आणि आतला स्नायू टोंगळा वाकवल्याशिवाय नीट ताणला जात नाही. मागचं पाऊल बाहेरच्या बाजूला वळू देऊ नका, नाहीतर ताण पोटरीऐवजी तळव्याच्या कमानीवर येतो. दूध तापेपर्यंत हे होऊन जातं.

ताणण्याने आराम पडतो, पण पट्ट्याला पुन्हा भार पेलायची सवय लावावी लागते. त्यासाठी कठडा असलेल्या जिन्याची पायरी घ्या. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून ती पायाच्या बोटांखाली ठेवा, म्हणजे बोटं वर वळलेली राहतील. 3 सेकंदांत टाच वर, 2 सेकंद थांबा, 3 सेकंदांत खाली. 12 वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. सुरुवात दोन्ही पायांवर, जमलं की एका पायावर, त्यानंतर पाठीला पुस्तकांचं दप्तर. करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळची कळ वाढली तर एक फेरी कमी करा. फरक कळायला दोन-तीन महिने द्या, पंधरा दिवसांत सोडून देऊ नका.

दुखणं टाचेच्या मागच्या बाजूला, पोटरीची शीर हाडाला मिळते तिथे असेल, तर प्रकार वेगळा. मग टाच पायरीच्या खाली सोडायची नाही, सपाट जमिनीवरच करायचं.

महाल

घरातली फरशी विसरू नका. टाइल्सवर अनवाणी सकाळचे डबे, मग पोळ्या, मग भांडी. महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकात तर पहाटेपासून उभं राहणं. स्वयंपाकघरात चप्पल चालत नसेल तर नवी जोडी फक्त आतच वापरायची ठेवा, घरातली मोठी माणसंही मग सहसा अडवत नाहीत.

घेताना हातात धरून वाकवून पाहा. बोटांपाशी वाकली पाहिजे, मधोमध दुमडली तर ठेवून द्या. पिळून पाहिली तर सहज पिळली जाऊ नये. टाच 2-3 सेंटिमीटर उंच, कमानीला आधार, मागे पट्टा. सपाट कोल्हापुरी आणि अंगठ्याची पातळ स्लीपर दुखणं असेपर्यंत बाजूला. सिलिकॉनचा हील कप, म्हणजे टाचेखालची मऊ गादी, लावायचा तर दोन्ही पायांत, एकाच पायात लावला की चाल तिरपी होते आणि कंबर धरते.

सक्करदरा

तळव्याला आधारासाठी लावतात तो चिकट टेप नागपूरच्या उन्हाळ्यात टिकत नाही. पारा 45 च्या आसपास गेला की घामाने सुटतो, कातडीला खाज येते. उन्हाळ्यात त्यापेक्षा बर्फ बरा. अर्ध्या लिटरची बाटली पाऊणच भरा, काठोकाठ भरली तर गोठताना फुटते. नॅपकिन गुंडाळून तळव्याखाली 10 मिनिटं फिरवा, रात्री जेवणं आटोपल्यावर. मधुमेहामुळे पाय बधिर असेल तर बर्फ नकोच.

कुरड्या-पापडांच्या दिवसांत गच्चीवर उकिडवं बसू नका, टाच उचलली जाऊन पट्टा सतत ताणलेला राहतो. बुटकं स्टूल घ्या. फिरायला जात असाल तर सिमेंट रोडऐवजी मातीचं मैदान.

नंदनवन

एक्स-रेत हाड वाढलेलं दिसलं की घाबरायला होतं. काहीच दुखत नसलेल्या अनेकांच्या टाचेतही ते वाढलेलं असतं, त्यामुळे तेवढ्यावरून ऑपरेशनचा विचार करू नका. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे बरं वाटतं. वारंवार घेतलं तर पट्टा तुटण्याची आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याची भीती असते. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर दुखण्याची गोळी मनाने घेऊ नका.

टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर फार दुखते, रात्री पडल्यापडल्या ठणकते, मुंग्या किंवा जळजळ होते, सूज आणि ताप आहे, किंवा दोन्ही टाचांसोबत सकाळी कंबर अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली राहते, यातलं काहीही असेल तर घरी व्यायाम करत बसू नका. मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी दवाखान्यांच्या ऑर्थो (हाडांच्या) ओपीडीत दाखवा, आणि कंबरेचं आखडणं न विसरता सांगा. टाचेपुरतंच बोललं तर संधिवाताकडे लक्ष जात नाही.

मनीषनगर

मूल कडेवर घेताना बाजू बदलत राहा, एकाच कुशीवर घेतलं की त्याच पायावर भार येतो. भाजी चिरणं, कणीक मळणं, कपड्यांच्या घड्या बसून करा. उभ्याने करायचं ते फोडणी आणि पोळ्या एवढंच ठेवा, आणि तेव्हा चार इंची पाटावर आळीपाळीने एकेक पाय ठेवा. रात्री बाळ रडलं की धावत उठावं लागतं, तेव्हा ताणायला वेळ नसतो. त्यासाठी ती आतली चप्पल पलंगाला लागूनच ठेवा, म्हणजे अंधारातसुद्धा पहिलं पाऊल तिच्यातच पडेल.